डेस्क फोनला ८०२.१एक्स लावायचंय? आधी फोन, मग सर्व्हर, स्विचला हात सगळ्यात शेवटी

टेबलावरचा आयपी फोन उचला आणि उलटा करा. मागे स्टिकर असतं, त्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि बारा अक्षरी मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख नंबर. तुमचं नेटवर्क फोनला फक्त त्या मॅकवरून ओळखत असेल, म्हणजे स्विच (सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी) म्हणतो "हा यादीत आहे, येऊ दे", तर पासवर्ड फोनच्या पाठीवर छापून ठेवलाय असंच समजा, आणि तोही रिसेप्शनला, मीटिंग रूममध्ये, लिफ्टसमोरच्या भिंतीवर, म्हणजे बाहेरचा माणूस पंधरा मिनिटं एकटा बसतो नेमका तिथेच. लॅपटॉपचा मॅक बदलायला मिनिटभर पुरतो. फोनची वायर काढली, लॅपटॉपला लावली, झालं, पाहुणे व्हॉइस व्हीलॅनमध्ये, म्हणजे फोनसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कच्या कप्प्यात.

त्याहून जुना झोल म्हणजे काही सेटअपमध्ये स्विच मॅकसुद्धा विचारत नसे, कोणी सीडीपीवर (सिस्कोची उपकरणं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात ती भाषा) "मी फोन आहे" म्हटलं की व्हॉइस व्हीलॅन उघडा. व्हॉइपहॉपर नावाचं टूल नेमकं हेच खोटं बोलून आत शिरतं, सिक्युरिटी टेस्टिंगवाल्यांना ते चांगलं माहिती असतं.

यावरचा उपाय ८०२.१एक्स, म्हणजे पोर्टला जोडलेल्याने आधी ओळख पटवायची, मगच नेटवर्क. आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने हे स्टँडर्ड २००१ मध्ये काढलं, मग २००४, २०१० आणि २०२० मध्ये सुधारलं, म्हणजे नवीन काही नाहीये, आणि लॅपटॉपला ते बऱ्याच ऑफिसात लावलेलं पण असतं. फोनची वेळ आली की मात्र सगळे मॅकची यादी करून मोकळे होतात, कारण कोणाचे तरी हात एकदा पोळलेले असतात. माझेही पोळलेत. एका शुक्रवारी संध्याकाळी अख्ख्या मजल्याच्या स्विचवर कमांड टाकली, माझ्या लॅपटॉपवर मेल उघडतोय बघितलं आणि खुशीत घरी गेलो. फोन उचलून बघायचं सुचलंच नाही. सोमवारी सकाळी सगळ्या टेबलांवरचे फोन रजिस्टर न होता नुसते गोल गोल फिरतायत, कारण ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर विश्वास ठेवायला लागणारं रूट सर्टिफिकेट फोनमध्ये नव्हतंच, ते फोनमध्ये टाकायला नेटवर्क पाहिजे, आणि नेटवर्क मी शुक्रवारीच बंद करून गेलेलो.

म्हणून पुढचं सगळं करायच्या क्रमाने लिहितोय. क्रम चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही गंडतं.

थोडक्यात कोण कोण असतं बघा. फोनमध्ये सप्लिकंट, म्हणजे ओळख सांगणारा. स्विच हा ऑथेंटिकेटर, पण त्याला स्वतःला काही कळत नाही, तो गेटवरच्या वॉचमनसारखा, आत फोन लावून विचारतो "सोडू का?". आणि आत बसलेला रेडियस सर्व्हर, निर्णय त्याचा. फोन आणि स्विचमध्ये ईएपी, म्हणजे ओळख पटवायची बोली, चालतं साध्या इथरनेट फ्रेममधून, आयपी ॲड्रेस मिळायच्या आधीच, स्विच तेच ईएपी रेडियसच्या पाकिटात घालून सर्व्हरला देतो. ऑथेंटिकेशन होईपर्यंत पोर्टवरून ईएपीच्या फ्रेम आणि सीडीपीसारखं स्विचशी होणारं किरकोळ बोलणं सोडून काही जात नाही, आयपी ॲड्रेस देणारं डीएचसीपी पण नाही. वीज मात्र मिळते, पीओईचा (नेटवर्कच्या वायरमधून येणाऱ्या विजेचा) आणि ऑथेंटिकेशनचा काही संबंध नाही, त्यामुळे फोनची स्क्रीन लागलेली दिसते आणि युजरला वाटतं फोन चालू आहे, मग बोलता का येत नाही.

पहिलं काम: फोन मोजा आणि त्यांचे तीन ढीग करा

कॉल सर्व्हरमधून सगळ्या फोनची यादी काढा, मॉडेल आणि फर्मवेअर व्हर्जनसकट. मग प्रत्येक मॉडेलची डेटाशीट उघडून ८०२.१एक्सच्या ओळीत काय लिहिलंय ते बघा, कंटाळवाणं आहे पण याला शॉर्टकट नाही.

पहिल्या ढिगात ईएपी-टीएलएस येणारे फोन, म्हणजे सर्टिफिकेटने, सही केलेल्या डिजिटल ओळखपत्राने, ओळख सांगणारे. गेल्या काही वर्षांतले सिस्को, पॉली, यीलिंक वगैरेंचे बहुतेक बिझनेस फोन यात बसतात. दुसऱ्या ढिगात फक्त युजरनेम-पासवर्डवाले, त्यातही काही बिचाऱ्यांना ईएपी-एमडी५ सोडून काही येत नाही. एमडी५ मध्ये फोन सर्व्हरला ओळखतच नाही, एकतर्फी मामला, आणि वायरवर पकडलेल्या पाकिटांवर डिक्शनरी चालवून पासवर्ड काढता येतो. मॅकच्या यादीपेक्षा बरं, पण बरंच म्हणायचं, चांगलं नाही. तिसऱ्या ढिगात ज्यांना काहीच येत नाही असे, जुने कॉन्फरन्स फोन, ॲनालॉग ॲडॅप्टर, दाराचे इंटरकॉम.

पहिल्या ढिगासाठीच हा सगळा खटाटोप. दुसऱ्या ढिगाचं फर्मवेअर अपडेट करून बघा, काही जण पहिल्यात येतात. येत नसतील तर ते आणि तिसरा ढीग यांना पासवर्डवर नाहीतर मॅकवरच चालवावं लागेल, पण त्यांचा व्हीलॅन वेगळा ठेवा आणि त्या व्हीलॅनमधून कॉल सर्व्हर, डीएचसीपी, डीएनएस आणि वेळेचा सर्व्हर सोडून कुठेही जाता येणार नाही अशी ॲक्सेस लिस्ट लावा. मॅक कोणी चोरला तरी चोराला फार तर फोनच करता येईल.

फर्मवेअरवरून एक गोष्ट. टीएलएस (ईएपी-टीएलएसमागचं सुरक्षित बोलण्याचं स्टँडर्ड) १.० आणि १.१ हे २०२१ मध्ये अधिकृतपणे निकालात काढले, आणि आता नव्या रेडियस सर्व्हरवर कमीत कमी टीएलएस १.२ असंच सेटिंग येतं. जुन्या फर्मवेअरचा फोन १.० वरच बोलतो, सर्व्हर तोंड फिरवतो, आणि तुम्ही दोन दिवस सर्टिफिकेट तपासत बसता. एका फोनसाठी सर्व्हरची किमान पातळी खाली आणायचा मोह होतो, आणू नका, तो फोन तिसऱ्या ढिगात टाका.

कुठलं सर्टिफिकेट?

इथे जरा थांबा, कारण इथे बरेच जण अर्धवट काम करून "झालं" म्हणतात.

चांगल्या फोनमध्ये फॅक्टरीतच एक सर्टिफिकेट घातलेलं येतं. सिस्कोवाले त्याला मिक म्हणतात. त्यात नाव म्हणून फोनचा मॅक असतो, काही कंपन्यांच्यात नुसता मॅक, सिस्कोच्यात आधी सीपी, मग मॉडेल, मग एसईपी आणि त्याला चिकटून मॅक. रेडियस सर्व्हरवर त्या कंपनीचं रूट सर्टिफिकेट टाकलं की फोन लगेच पास, फोनमध्ये काही टाकायला नको, किती सोपं! पण हे सर्टिफिकेट काय सांगतं ते नीट वाचा. ते सांगतं "मी अमुक कंपनीने बनवलेला खरा फोन आहे". "मी तुमच्या ऑफिसचा फोन आहे" असं ते सांगत नाही. उद्या कोणी सेकंडहँड त्याच कंपनीचा फोन आणून तुमच्या पोर्टला लावला तर तोही पास होणार.

म्हणून फॅक्टरी सर्टिफिकेट वापरायचंच असेल तर सर्टिफिकेटमधलं नाव तुमच्या यादीशी जुळवायचा नियम सर्व्हरवर लावा, नुसती सही खरी आहे एवढ्यावर सोडू नका. आणि जुळवताना मॅक लिहायच्या पद्धती बघा, एकीकडे कोलन, दुसरीकडे डॅश, तिसरीकडे सगळं सलग कॅपिटलमध्ये, मी स्वतः एकदा फक्त लहान-मोठ्या अक्षरांपायी अर्धा दिवस घालवलाय.

माझ्या मते बरी पद्धत अशी: फॅक्टरी सर्टिफिकेट हे फक्त ओसरीपर्यंत यायचं तिकीट. ते दाखवलं की फोन प्रोव्हिजनिंग व्हीलॅनमध्ये जातो, तिथे कॉन्फिग सर्व्हर आणि सर्टिफिकेट देणारा सर्व्हर सोडून काही दिसत नाही. तिथे फोनला तुमच्या स्वतःच्या सीएने (सर्टिफिकेटवर सही करणारा सर्व्हर) सही केलेलं सर्टिफिकेट मिळतं, सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये त्यासाठी कॅपफ नावाची सोय आहे आणि मिळणाऱ्या सर्टिफिकेटला एलएससी म्हणतात, बाकीच्या फोनमध्ये बऱ्याचदा त्याच कामाचं एससीईपी असतं. मग फोन रीस्टार्ट होऊन नव्या सर्टिफिकेटने येतो आणि तेव्हाच व्हॉइस व्हीलॅन मिळतो. कामाला थोडं जास्त, पण एक मोठा त्रास यामुळे वाचतो. कोणी फोन फॅक्टरी रीसेट केला की आपलं सर्टिफिकेट उडतं पण फॅक्टरीचं राहतं, त्यामुळे फोन आपोआप ओसरीवर येऊन परत सगळं उचलतो, तुम्हाला जिने चढायला लागत नाहीत.

हे जमत नसेल तर कमीत कमी आयटी रूममध्ये एक बिनकुलपाचा पोर्ट ठेवा, प्रोव्हिजनिंग व्हीलॅनमधला. नवा किंवा रीसेट झालेला फोन आधी तिथे, मग टेबलावर. आणि त्या रूमला खरंखुरं कुलूप असू द्या.

फोनकडून पण एक तपासणी पाहिजे, सर्व्हर खरा आहे का याची. त्यासाठी ज्या सीएने रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट सही केलंय त्याचं रूट फोनमध्ये हवं. काही फोनमध्ये सर्व्हर तपासू नकोस असं सेटिंग असतं आणि घाईत लोक ते लावून टाकतात. नका लावू.

रेडियस सर्व्हर

फ्रीरेडियस असो, विंडोजचा एनपीएस असो की सिस्कोचा आयएसई, डोकं तेच. ऑथेंटिकेशन यूडीपी १८१२ वर, अकाउंटिंग १८१३ वर. काही जुन्या स्विचवर डिफॉल्ट १६४५ आणि १६४६ असतं, स्विच एका दारावर ठोकतोय आणि सर्व्हर दुसऱ्या दारात उभा, लॉगमध्ये चिटपाखरू नाही. हे आधी बघा.

प्रत्येक स्विचला वेगळा शेअर्ड सिक्रेट (स्विच आणि सर्व्हरमधला समाईक पासवर्ड) द्या, लांब आणि रँडम, कंपनीचं नाव आणि पुढे १२३ असला नको. २०२४ च्या जुलैमध्ये ब्लास्ट-रेडियस नावाची खोट बाहेर आली, रेडियसच्या जुन्या एमडी५ तपासणीचा फायदा घेऊन मधला माणूस सर्व्हरचा "नको" हा "हो" करून टाकू शकतो. ईएपीच्या रिक्वेस्टमध्ये मेसेज-ऑथेंटिकेटर हे फील्ड सक्तीचं असल्यामुळे ईएपी-टीएलएस त्यातून वाचतं, पण मॅकवाल्या रिक्वेस्ट वाचत नाहीत. तेव्हा स्विच आणि सर्व्हर दोन्हीकडचे अपडेट टाका आणि मेसेज-ऑथेंटिकेटर सगळीकडे सक्तीचं करा. सक्ती करायच्या आधी स्विचचं फर्मवेअर ते पाठवतंय ना याची खात्री करा, नाहीतर सगळा तिसरा ढीग एकदम बाहेर.

आता फोनचं खास. लॅपटॉपला नुसतं "हो" सांगितलं तरी भागतं, फोनला सांगावं लागतं की "हो, आणि हा व्हॉइसवाला आहे". सिस्को स्विचवर त्यासाठी उत्तरात एक सिस्को एव्ही-पेअर (नाव बरोबर अमुक अशी जोडी) जावा लागतो, डिव्हाइस-ट्रॅफिक-क्लास बरोबर व्हॉइस. हा विसरला की लॉगमध्ये सगळं हिरवं, फोन पास, पण स्विच त्याला डेटावाला समजतो आणि फोन व्हॉइस व्हीलॅनमध्ये बोलू शकत नाही. मला वाटतं फोनच्या ८०२.१एक्समधली सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच असावी, कारण सर्व्हर शपथेवर सांगतो की मी पास केलाय.

दुसऱ्या कंपन्यांचे काही स्विच इग्रेस-व्हीलॅनआयडी हे फील्ड मागतात. यात व्हीलॅन नंबर सरळ लिहायचा नाही, पुढे टॅग्ड की अनटॅग्ड ते चिकटवायचं, टॅग्डला हेक्समध्ये ३१ आणि अनटॅग्डला ३२. म्हणजे व्हॉइस व्हीलॅन १०० असेल आणि फोन टॅग लावून बोलणार असेल तर १०० चे हेक्स ०६४, मध्ये तीन शून्यं, मिळून ३१००००६४, आणि सर्व्हरला दशमानच पाहिजे असेल तर ८२२०८३६८४. हा आकडा बघून मागच्या माणसाने काय वेडेपणा केलाय असं वाटतं, पण बरोबर असतो तो. शेजारी कॉमेंट लिहून ठेवा, पुढचा माणूस दुवा देईल.

रीऑथेंटिकेशनचा, म्हणजे ठरावीक वेळाने परत ओळख तपासण्याचा, वेळ सर्व्हरवरून सेशन-टाइमआउटने देता येतो. त्याच्यासोबत टर्मिनेशन-ॲक्शन हे फील्ड "रेडियस-रिक्वेस्ट" असं पाठवायचंच. ते नसलं तर डिफॉल्ट म्हणजे सेशन संपवा, वेळ झाली की स्विच फोनला बाहेर काढून परत सुरुवात करतो, आणि ऐन कॉलमध्ये आवाज गायब. रिक्वेस्ट दिलं की फोन आतच राहतो आणि मागच्या मागे ओळख पटते. तक्रार येते "फोन अधूनमधून कट होतो", आणि त्या अधूनमधूनला घड्याळ लावून बघितलं तर बरोबर सेशन-टाइमआउटएवढं अंतर निघतं.

आता फोन, मग स्विच

सर्व्हर तयार झाला की टेबलावर एक टेस्ट स्विच आणि प्रत्येक मॉडेलचा एकेक फोन घेऊन बसा. फोनच्या मेनूत नेटवर्क किंवा सिक्युरिटीखाली ८०२.१एक्स सापडतं, तिथे चालू करा, पद्धत टीएलएस. एकदा हाताने केलं की नेमकं काय बदललं ते कॉन्फिग फाइलमध्ये उचला आणि मग सगळ्या फोनना कॉल सर्व्हर किंवा प्रोव्हिजनिंग सर्व्हरवरून ढकला. प्रत्येक टेबलावर जाऊन मेनू दाबत बसायचं नाही.

आणि हे स्विचला हात लावायच्या आधी करायचं. पोर्ट अजून उघडाच असताना फोनवर ८०२.१एक्स चालू केलं तर बिघडत नाही, फोन सुरुवातीला स्विचला हाका मारतो, कोणी ओ देत नाही म्हटल्यावर स्वतःहून पुढे जातो. बूट व्हायला थोडा जास्त वेळ लागू शकतो एवढंच, कारण स्टँडर्डमध्ये ३० सेकंदाच्या अंतराने तीन हाका असं डिफॉल्ट धरलंय, कुठला फोन किती थांबतो ते टेबलावर मोजून घ्या. दोन-तीन दिवस सगळे फोन असे चालू द्या, सगळ्यांना कॉन्फिग आणि सर्टिफिकेट गेलं का याची यादी टिक करा. सुट्टीवर गेलेल्या माणसाचा बंद पडलेला फोन या यादीत हमखास राहतो.

मग स्विच. फोनच्या मागे कॉम्प्युटर लावलेला असतो, एकाच वायरवर दोन पाहुणे, म्हणून होस्ट मोड महत्त्वाचा. मल्टी-डोमेन निवडा, म्हणजे एक व्हॉइसवाला आणि एक डेटावाला, दोघांनी आपापली ओळख स्वतंत्र द्यायची. मल्टी-होस्ट हा शब्द बघून "दोन जण आहेत म्हणजे हाच असणार" असं करू नका, त्यात एकाने ओळख दिली की त्याच्यामागून येणारे सगळे फुकट आत. माझ्या बघण्यात किमान दोन ठिकाणी हा लावलेला होता, सगळं मस्त चालतं म्हणून कोणी बघितलंच नव्हतं.

पहिल्या फेरीत पोर्ट ओपन मोडवर ठेवा. त्यात ऑथेंटिकेशन पूर्ण चालतं, पास-नापास लॉगमध्ये लागतं, पण नापासाला अडवत नाहीत. आठवडाभर रोज सकाळी नापासांची यादी काढायची, एकेक करून सोडवायचा. कोणाच्या टेबलाखाली पाच पोर्टचा प्लॅस्टिकचा स्विच लपवलाय तेही इथेच कळतं. यादी रिकामी झाली की एकेक मजला बंद मोडवर न्यायचा, आणि प्लीज, शुक्रवारी संध्याकाळी नाही.

क्रम लावताना आधी ८०२.१एक्स, ते नाही जमलं तर मॅक. सिस्कोवर वाट बघायचा डिफॉल्ट वेळ ३० सेकंद आणि दोन वेळा पुन्हा विचारणं, म्हणजे मॅकवर यायला एकूण ९० सेकंद. तेवढ्यात जुन्या फोनचं डीएचसीपी दमून बसतं आणि फोन रीस्टार्ट होतो, परत ९० सेकंद, परत तेच. वेळ १० सेकंद केली की अर्ध्या मिनिटात काम होतं. फार कमी पण करू नका, मग सर्टिफिकेटवाला फोन बूट होऊन उत्तर द्यायच्या आत मॅकवर ढकलला जातो. आणि महत्त्वाचं: ज्या फोनला टीएलएस येतं त्याचा मॅक मॅकच्या यादीतून काढून टाका! नाहीतर सगळं करून सवरून मागचं दार उघडंच, चोराने सर्टिफिकेट दाखवलं नाही तर स्विच आपण होऊन मॅक विचारतो आणि स्टिकर परत कामाला येतं.

रेडियस सर्व्हरच बंद पडला तर काय, हे आज ठरवा. दोन सर्व्हर तर ठेवाच, पण दोन्ही दिसेनासे झाले तर व्हॉइसला तेवढ्यापुरतं आत सोडायचं सेटिंग स्विचवर असतं, सिस्कोत सर्व्हर डेड असताना व्हॉइस ऑथराइझ करा असं. काही सिक्युरिटीवाले नाक मुरडतात, मी तरी लावतो, कारण फोनवरून ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडला पण फोन लागतो.

चूक झाली, म्हणजे पोर्टवर ठरल्यापेक्षा जास्त पाहुणे आले, की पोर्टने काय करायचं हे पण बदला. सिस्कोचं डिफॉल्ट पोर्टच बंद करणं आहे, त्याऐवजी रिस्ट्रिक्ट ठेवा, नाहीतर मागच्या कॉम्प्युटरच्या गडबडीत फोनही मरतो.

फोनच्या मागचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर फोनला जोडलेला आहे, स्विचला नाही. म्हणून कोणी कॉम्प्युटर काढून नेला तरी स्विचला दिसत नाही, त्याच्या बाजूची वायर तशीच जिवंत. जुन्या कॉम्प्युटरचं सेशन उघडंच राहतं. यावर दोन इलाज, दोन्ही फोनकडे असतात: एक म्हणजे कॉम्प्युटर निघाला की त्याच्या वतीने फोनने स्विचला लॉगऑफ पाठवणं, दुसरा म्हणजे सिस्कोच्या फोनने सीडीपीवरून "माझा मागचा पोर्ट पडला" असं कळवणं. निदान एक तरी चालू आहे ना ते बघा. आणि कॉम्प्युटरचे ईएपी फ्रेम फोनने मधून जाऊ द्यायला पाहिजेत, त्याला पास-थ्रू म्हणतात, ते बंद असलं तर फोन मस्त आणि कॉम्प्युटर कायम बाहेर. विंडोजवर वायर्ड ऑटोकॉन्फिग ही सर्व्हिस आपोआप सुरू होत नाही, तीही विसरू नका.

तपासायला काही टूल नको. कॉम्प्युटर लॉगिन करा, फोनच्या मागून त्याची वायर काढा, स्विचवर सेशन बघा. डेटाचं सेशन गेलं आणि व्हॉइसचं राहिलं तर बरोबर.

अडलं की कुठे बघायचं

फोनच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, ती नुसती "फेल" म्हणते. रेडियसचा लॉग उघडा, फ्रीरेडियस असेल तर डीबग मोडमध्ये चालवा, तो इतका बडबड करतो की दुसरं काही लागत नाही.

लॉगमध्ये काहीच येत नसेल तर पोर्ट, फायरवॉल किंवा स्विच ज्या आयपीवरून बोलतोय तो आयपी सर्व्हरच्या यादीत नाही. स्विचला चार आयपी असतात, तो भलत्याच आयपीवरून निघतो, तेव्हा सोर्स इंटरफेस ठरवून द्या. "अननोन सीए" असा अलर्ट दिसला तर तो कोणी पाठवलाय ते वाचा. फोनकडून आला असेल तर फोनचा सर्व्हरवर विश्वास नाही, रूट फोनमध्ये टाका. सर्व्हरने पाठवला असेल तर उलटं, फोनच्या सीएचं रूट किंवा मधलं सर्टिफिकेट सर्व्हरवर नाहीये. दोन्ही बाजूंना एकच शब्द दिसतो आणि लोक चुकीच्या बाजूला सर्टिफिकेट टाकत राहतात.

आणि एक वस्ताद प्रकार: हेड ऑफिसात फोन पास, शाखेत तोच फोन अर्ध्यात अडकतो. लॉगमध्ये टीएलएस सुरू होतं, सर्टिफिकेटच्या टप्प्यावर शांतता, मग टाइमआउट. सर्टिफिकेटची साखळी मोठी, रेडियसचं यूडीपी पाकीट १५०० बाइटच्या वर जातं, त्याचे तुकडे होतात आणि मधलं व्हीपीएन नाहीतर फायरवॉल तुकडे गिळून टाकतं. सर्व्हरवर ईएपीचा तुकडा लहान करा, एनपीएसमध्ये फ्रेम्ड-एमटीयू १३४४ हा आकडा मायक्रोसॉफ्टच सुचवतं, आणि फ्रीरेडियसमध्ये फ्रॅगमेंट साइज कमी करता येते. फोनच्या बाजूने येणारे तुकडे मात्र याने लहान होत नाहीत, त्यासाठी सर्टिफिकेटच आटोपशीर ठेवा, ४०९६ बिटची की आणि तीन मजली साखळी फोनला लागत नाही.

एवढं सगळं करून सुद्धा ८०२.१एक्स कॉल एन्क्रिप्ट करत नाही. खऱ्या फोन आणि स्विचच्या मध्ये एखादी छोटी पेटी घालून ऑथेंटिकेट झालेल्या फोनच्या मागून आत जाता येतं, ते अडवायला वायरवरचं सगळं एन्क्रिप्ट करणारं मॅकसेक लागतं आणि ते सगळ्या फोन-स्विचला येत नाही. बोलणं झाकायला कॉल जोडणाऱ्या एसआयपीसाठी टीएलएस आणि आवाजासाठी एसआरटीपी वेगळं लावा, ती कामं वेगळी.

चालू झाल्यावर चोरी स्वतः करून बघा. लॅपटॉपवर फोनच्या स्टिकरवरचा मॅक टाका, रिसेप्शनच्या फोनची वायर काढून लॅपटॉपला लावा. आयपी मिळाला तर मॅकच्या यादीत तो फोन अजून आहे. मग दुसऱ्या एखाद्या रात्री दोन्ही रेडियस सर्व्हर बंद करून एक फोन रीस्टार्ट करा आणि बाहेर कॉल लागतो का बघा.

सर्टिफिकेटच्या तारखा कॅलेंडरवर तीन महिने आधीच्या टाका, फोनच्या, सर्व्हरच्या आणि रूटच्या वेगवेगळ्या. रूट बदलायची वेळ आली की नवं रूट आधी सगळ्या फोनमध्ये जाऊ द्या, जुनं काढू नका, दोन्ही राहू द्यात, मग सर्व्हरचं सर्टिफिकेट बदला, आणि सगळे फोन एकदा रीऑथेंटिकेट होऊन गेले की मगच जुनं काढा.